प्रकरण अभ्यास: अठ्ठावन्नाव्या वर्षी निवडणुकीला उभा राहिलेला पदार्थवैज्ञानिक

मेघनाद साहांचं संपूर्ण चरित्र इथे मांडलेलं नाही. १९५१ च्या अखेरीस या जगप्रसिद्ध प्राध्यापकाने एक संस्था नुकतीच उभी केली होती, तिचं मुख्य यंत्र अजून धड चालत नव्हतं, आणि अशा वेळी तो लोकसभेच्या निवडणुकीला उभा राहिला. तो निर्णय का झाला, त्या वेळी हाताशी दुसरं काय होतं आणि त्यातून नेमकं काय पदरात पडलं, एवढंच तपासायचं आहे.

पार्श्वभूमी

साहांचं नाव पाठ्यपुस्तकात येतं ते १९२० सालच्या समीकरणामुळे. तापमान आणि दाब माहीत असला की ताऱ्याच्या वातावरणात एखाद्या मूलद्रव्याच्या किती अणूंनी इलेक्ट्रॉन गमावलेले असतील, हे त्यातून काढता येतं. वर्णपटातल्या रेषांवरून ताऱ्यांचे वर्ग पाडणं त्याआधीपासून चालू होतं. हे वर्ग मुख्यतः तापमानाच्या फरकामुळे पडतात, हे आकड्यांत दाखवता आलं ते साहांमुळे. १९२३ ते १९३८ ते अलाहाबाद विद्यापीठात होते. १९२७ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९३८ मध्ये कलकत्ता विद्यापीठातल्या पालित प्राध्यापकपदावर परतले.

राजकारण त्यांना उतारवयात सुचलं, असं मात्र नाही. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या छोट्या किराणा दुकानदाराचा हा मुलगा ढाका कॉलेजिएट शाळेत शिष्यवृत्तीवर शिकत होता. बंगालच्या फाळणीच्या वेळी लेफ्टनंट गव्हर्नर फुलर यांच्या भेटीवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. त्यात सामील झाल्यामुळे त्याचं नाव शाळेतून काढलं गेलं आणि शिष्यवृत्तीही गेली. दुसऱ्या शाळेने सामावून घेतलं म्हणून शिक्षण पुढे चालू राहिलं.

पुढची बरीच वर्षं ते प्रयोगशाळेतच राहिले. १९३५ मध्ये त्यांनी 'सायन्स अँड कल्चर' हे मासिक सुरू केलं. नद्या, वीज, कारखाने, नियोजन या विषयांवर ते त्यात सडेतोड लिहीत. चरखा आणि ग्रामोद्योगावर देश उभा राहणार नाही, हे मतही त्यांनी लपवलं नाही. काँग्रेसमधल्या अनेकांना ते झोंबलं.

१९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि साहांना पहिली मोठी संधी मिळाली. पक्षाने राष्ट्रीय नियोजन समिती नेमावी, हा आग्रह धरणाऱ्यांत साहा पुढे होते. समिती झाली, नेहरू तिचे अध्यक्ष झाले आणि मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह सरचिटणीस. साहांकडे वीज आणि इंधनाच्या उपसमितीचं अध्यक्षपद आलं. तेव्हा साहा कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते, पक्षाचेही नव्हते. कोणाचा कान कधी धरायचा याची जाण आणि हातात तयार टिपण, एवढंच भांडवल होतं.

दामोदर नदीच्या बाबतीतही तसंच घडलं. १९४३ च्या पुरात दामोदरचा बांध फुटला, रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रोड तुटला. चौकशी समितीत साहा होते. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्यासारखं एकच प्राधिकरण पूर, वीज आणि सिंचन पाहील, ही कल्पना त्यांनी लावून धरली. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही योजना सरकारी पातळीवर पुढे नेली आणि १९४८ मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन स्थापन झालं. मूळ आराखड्यात आठ धरणं होती. पहिल्या टप्प्यात चारच बांधली गेली: तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत.

सायक्लोट्रॉनची, म्हणजे अणूचे कण गोल फिरवत वेगवान करणाऱ्या यंत्राची, गोष्ट वेगळी पाहावी लागते, कारण पुढच्या अनेक अडचणींचं मूळ तिच्यात आहे. साहांचे विद्यार्थी बी. डी. नागचौधुरी अमेरिकेत बर्कलेला, सायक्लोट्रॉनचे जनक लॉरेन्स यांच्या प्रयोगशाळेत शिकले होते. टाटांकडून ६०,००० रुपये मिळाले आणि अमेरिकेत सुटे भाग मागवले गेले. चुंबकाचे भाग कलकत्त्याला पोचले. निर्वात पंप ज्या जहाजात होते ते युद्धात बुडालं. सायक्लोट्रॉनमध्ये प्रोटॉन अनेक फेऱ्या मारतात आणि पेटीत हवा उरली असेल तर वाटेतच रेणूंवर आदळून विखुरतात. पंप नसले की चुंबक म्हणजे नुसतं लोखंड. पंप इथेच बनवायचे ठरले, आणि त्यात वर्षं गेली. तरीही १९५० च्या जानेवारीत फ्रेंच शास्त्रज्ञ इरेन जोलियो-क्युरी यांच्या हस्ते इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लियर फिजिक्सचं उद्घाटन झालं.

अडचण

स्वातंत्र्यानंतर साहांचे जुने सहकारी सत्तेवर आले आणि नेमक्या त्याच काळात साहा निर्णयाच्या टेबलापासून लांब गेले. हे एका झटक्यात झालं नाही.

अणुऊर्जेवर त्यांचं म्हणणं असं होतं: आधी विद्यापीठांत माणसं तयार करा, धातू आणि रसायनांचे कारखाने उभारा, मग अणुऊर्जा आयोग नेमा. सरकारने आयोग आधी नेमला. १९४८ च्या अणुऊर्जा कायद्यात गुप्ततेची तरतूद होती आणि ती इतकी व्यापक कशासाठी, हा प्रश्न तेव्हाच सभागृहात विचारला गेला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयोग झाला. होमी भाभा अध्यक्ष, शांतिस्वरूप भटनागर आणि के. एस. कृष्णन सदस्य. साहा त्यात नव्हते. कामाचं केंद्र कलकत्त्याऐवजी मुंबई झालं.

एवढ्यावर थांबलं असतं तर त्याला मतभेद म्हणून सोडून देता आलं असतं. पण साहांच्या संस्थेला लागणारा पैसा आता याच यंत्रणेकडून येणार होता. विद्यापीठाकडे सायक्लोट्रॉन पोसण्याइतका पैसा नव्हता. म्हणजे ज्या धोरणावर साहा मासिकातून टीका करत, त्याच धोरणाच्या कर्त्यांकडे त्यांना दरवर्षी अनुदानाचा अर्ज करावा लागे. मासिकातला लेख वाचणारा आणि अर्जावर शेरा मारणारा माणूस बहुधा एकच असे.

त्यात पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते. १९५० मध्ये साहा मदतकार्यात उतरले. ते स्वतः त्या मुलखातले. पुनर्वसनाच्या प्रश्नावर दिल्लीत बंगालचं ऐकलं जात नाही, ही त्यांची तक्रार या काळात पक्की होत गेली.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय निवडणूक वगैरे सोडून संस्था चालवण्याचा. पालित प्राध्यापकपदाची मुदत संपत आली होती. सायक्लोट्रॉनला पूर्णवेळ माणूस हवा होता. वैज्ञानिक म्हणून हाच सरळ मार्ग होता आणि त्यांच्या अनेक हितचिंतकांना हाच पसंत पडला असता. यात एक खोट होती: पैशाचा नळ दुसऱ्याच्या हातात राहिला असता आणि बोलण्याची जागा मासिकापुरतीच उरली असती.

दुसरा, काँग्रेसमध्ये जाऊन आतून बदल करण्याचा. १९३८ मध्ये हाच मार्ग फळला होता, पण तेव्हा अध्यक्षपदी सुभाषबाबू होते. १९५१ मध्ये पक्षात जाणं म्हणजे ग्रामोद्योगावरची टीका गिळणं आणि अणुऊर्जेवर पक्षादेश पाळणं. साहांच्या स्वभावाला हे मानवणारं नव्हतं.

तिसरा पर्याय राज्यसभेतल्या नामनिर्देशित जागेचा. नव्या घटनेत साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा यांसाठी राष्ट्रपतींनी नेमायच्या बारा जागा होत्या. साहांचे वर्गमित्र सत्येंद्रनाथ बोस १९५२ मध्ये याच वाटेने संसदेत गेले. प्रेसिडेन्सी कॉलेजात एम.एस्सी.ला बोस पहिले आणि साहा दुसरे आले होते, सापेक्षतेवरचे लेख दोघांनी मिळून इंग्रजीत आणले होते. पण नामनिर्देशन मागून मिळत नाही, सरकारच्या शिफारशीने मिळतं. आणि अर्थसंकल्पातल्या मागण्यांवर मतदान लोकसभेतच होतं. ज्याला खात्याचा खर्च तपासायचा आहे त्याच्या हाती राज्यसभेत अर्धंच हत्यार येतं.

चौथा, लोकसभा. इथे एक तांत्रिक बाब सोयीची ठरली. घटनेच्या १०२ व्या कलमानुसार सरकारी लाभाचं पद धारण करणारा खासदार राहू शकत नाही. विद्यापीठाची नोकरी त्यात बसत नव्हती. भटनागरांसारख्या सरकारी सेवेतल्या वैज्ञानिकाला हा मार्गच उघडा नव्हता. साहा ज्या विद्यापीठीय विज्ञानासाठी भांडत होते, त्यातल्या नोकरीनेच त्यांना उभं राहण्याची मोकळीक दिली.

निर्णय आणि कृती

साहांनी चौथा पर्याय घेतला. मतदारसंघ वायव्य कलकत्ता. डाव्या गटांच्या एका आघाडीचा पाठिंबा त्यांनी घेतला, पण पक्षाच्या शिस्तीत ते गेले नाहीत. समोर काँग्रेसचे प्रभुदयाल हिम्मतसिंगका होते.

अनामत ५०० रुपये. खरा प्रश्न प्रचाराच्या खर्चाचा होता. त्यावर साहांनी जो उपाय काढला तो प्राध्यापकालाच सुचावा. श्रीवास्तवांबरोबर लिहिलेलं त्यांचं उष्णतेवरचं जाडजूड पाठ्यपुस्तक देशभरच्या महाविद्यालयांत चाले. त्याच्या प्रकाशकाला त्यांनी पत्र लिहून मानधनापोटी ५,००० रुपये आगाऊ मागितले. म्हणजे उष्मागतिकीचा अभ्यास करणाऱ्या मुलांच्या खिशातून लोकसभेच्या प्रचाराचा काही खर्च निघाला, असं म्हणायला हरकत नाही.

त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह, आणि मतदाराने कोरी चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. साहजिकच प्रचाराचा मोठा भाग उमेदवाराचं चिन्ह लोकांच्या डोळ्यांत बसवण्यात जाई. साहा सुमारे १६ टक्के मतांच्या फरकाने निवडून आले.

पुढचं गणित अवघड होतं. ४८९ जागांच्या सभागृहात काँग्रेसचे ३६४ होते. कपात सूचना (खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करा असा प्रस्ताव) मांडता येई, मंजूर होण्याची शक्यता नसे. बोलायला मिळणारा वेळ गटाच्या संख्याबळावर ठरे, आणि साहांच्या पाठीशी मोठा गट नव्हता. त्यांच्या हाती खऱ्या अर्थाने दोनच साधनं उरली: प्रश्नोत्तराचा तास आणि मागण्यांवरची चर्चा. ती त्यांनी कसून वापरली. निर्वासितांचं पुनर्वसन, नदीखोऱ्यांच्या योजना, शिक्षण, अवजड उद्योग, पंचवार्षिक योजना या विषयांवर ते आकडे घेऊन उभे राहत. मंत्र्याचं उत्तर कार्यवृत्तात छापलं जातं आणि पुढच्या अधिवेशनात तेच कात्रण पुढे करता येतं. गुप्ततेच्या कायद्याखाली चालणाऱ्या खात्याबाबत याला विशेष किंमत होती.

मे १९५४ मध्ये अणुऊर्जेवर लोकसभेत चर्चा झाली ती साहांच्या पाठपुराव्यामुळे. गुप्तता कमी करा, विद्यापीठांना सामील करून घ्या, पैसा वाढवा, ही त्यांची मागणी होती. फ्रान्सच्या अणुऊर्जा संस्थेची रचना ते नमुना म्हणून दाखवत. नेहरूंनी उत्तर दिलं. ऑगस्टमध्ये अणुऊर्जा विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत स्थापन झाला आणि भाभा त्याचे सचिव झाले. पैसा वाढला, पण तो मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) अणुकेंद्राकडे वळला. विद्यापीठांचा वाटा साहांना हवा तसा झाला नाही.

पंचांगाची फाइल

खासदारकीच्या या चार वर्षांत साहांच्या हातून जे काम सर्वांत सुबकपणे पूर्ण झालं ते सभागृहाबाहेरचं होतं. नोव्हेंबर १९५२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने पंचांग सुधारणा समिती नेमली. अध्यक्ष साहा, सचिव निर्मलचंद्र लाहिरी. सदस्यांत नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते.

समितीपुढचा घोळ मोजता येण्यासारखा होता. सूर्यसिद्धान्ताचं वर्ष ३६५.२५८७५६ दिवसांचं, ऋतूंचं वर्ष ३६५.२४२१९६ दिवसांचं. फरक वर्षाला ०.०१६५६ दिवस, म्हणजे जेमतेम २४ मिनिटं. चौदाशे वर्षांत तो २३ दिवसांवर जातो. म्हणून मकर संक्रांत आपण जानेवारीच्या मध्याला करतो आणि सूर्य उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास.

समितीने नागरी कामासाठी शक गणना घेतली, वर्षारंभ २२ मार्चला ठेवला (लीप वर्षी २१), चैत्र ३० दिवसांचा (लीप वर्षी ३१), वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे आणि आश्विन ते फाल्गुन ३० दिवसांचे. ३०, १५५ आणि १८० मिळून ३६५. धार्मिक तिथींसाठी चांद्र महिने कायम ठेवले आणि २१ मार्च १९५६ चा अयनांश (वसंतसंपात आणि राशिचक्राचा आरंभबिंदू यांच्यातलं अंतर) २३ अंश १५ कला धरला. महाराष्ट्रात हा आकडा नाजूक होता, कारण टिळक पंचांगाचा रैवत पक्ष, म्हणजे रेवती ताऱ्यावरून आरंभबिंदू ठरवणारा पक्ष, अयनांश जवळपास चार अंशांनी कमी धरतो आणि त्यामुळे काही वर्षी अधिक महिनासुद्धा वेगळा येतो. त्या भांडणात समितीचा कौल चित्रा ताऱ्यावरून आरंभबिंदू ठरवणाऱ्या चित्रा पक्षाकडे गेला.

अहवाल १९५५ मध्ये आला आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, सरकारी राजपत्रात ही तारीख छापली जाऊ लागली. आजही भिंतीवरच्या दिनदर्शिकेत 'भारतीय सौर' म्हणून बारीक टायपात ती असते. रोजच्या व्यवहारात ती कोणी वापरत नाही, हेही खरं.

परिणाम

साहांनी जे मागितलं त्यातलं किती मिळालं? अणुऊर्जेची चर्चा उघड्यावर आली, रचना बदलली नाही. निर्वासितांच्या प्रश्नावर दबाव राहिला. पंचांग झालं. सायक्लोट्रॉन रखडला. १९५३ पासून त्यांनी इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सचं संचालकपदही घेतलं होतं, म्हणजे दोन संस्था, एक मासिक आणि एक मतदारसंघ, कलकत्ता आणि दिल्लीच्या मधे. रक्तदाबाचा त्रास होताच. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जाताना रस्त्यात हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. पंचांग लागू झालेलं त्यांनी पाहिलं नाही. तुर्भ्याची 'अप्सरा' अणुभट्टीही त्यानंतर सहा महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, सुरू झाली.

वेगळं काय करता आलं असतं

खरी चूक १९५१ मधली नाही, ती त्याच्या आधीच्या तीन-चार वर्षांतली आहे. "आत्ताच आयोग नको" हे साहांचं म्हणणं तर्काला धरून होतं, पण सरकारदरबारी "आत्ताच नको" आणि "मला नको" यांत फरक केला जात नाही. अटी घालून आत जागा मागता आली असती: अनुदानाचा ठरावीक हिस्सा विद्यापीठांना, संशोधनपत्रं खुली, एवढ्या दोन अटी. आयोग तीन जणांचाच होता. चौथा माणूस आत बसून आक्षेप नोंदवतो तेव्हा तो फाइलवर राहतो.

दुसरी गोष्ट भूमिकांची सरमिसळ. टीका करणारा खासदार आणि अनुदान मागणारा संचालक एकच असल्यावर नकाराचं कारण शोधावं लागत नाही. निवडून आल्याबरोबर संस्थेचा कारभार नागचौधुरींकडे रीतसर सोपवला असता, तर संस्थेच्या अर्जाकडे तिच्या गुणांवर पाहिलं जाण्याची शक्यता वाढली असती, आणि सायक्लोट्रॉनला पूर्णवेळ धनीही मिळाला असता. उलट साहांनी दुसरी संस्थाही अंगावर घेतली. त्यांच्या पिढीतल्या संस्थापकांना सोपवणं जमत नसे, हे एकट्या साहांचं वैगुण्य नव्हतं.

तिसरी बाब थोडी खटकणारी आहे. नियोजन समिती, दामोदर, पंचांग ही साहांची तिन्ही ठळक यशं समितीतून आली. सभागृहातून एकही आलं नाही. समितीत काम नेमून दिलेलं असतं, मुदत असते, सचिव असतो आणि अखेरीस अंमलात आणता येण्याजोगा कागद निघतो. साहांची कार्यपद्धती त्याला जुळणारी होती. लोकसभेत बहुमताशी भांडावं लागतं आणि तिथे गणित बरोबर असून भागत नाही. मात्र खासदार झालेच नसते तर मे १९५४ ची चर्चाही झाली नसती, आणि अणुऊर्जेवर संसदेत इतकं उघडपणे बोलणारा दुसरा पदार्थवैज्ञानिक त्या वेळी बाकांवर नव्हता. त्यामुळे निर्णय चुकला असं म्हणवत नाही. अपेक्षा मात्र चुकली होती: प्रश्न विचारून उत्तर मिळतं, अनुदान मिळत नाही.

रिकामी झालेली जागा

साहांच्या निधनाने वायव्य कलकत्त्यात पोटनिवडणूक लागली. जानेवारी १९५६ मध्ये पश्चिम बंगाल आणि बिहार यांच्या विलीनीकरणाचा प्रस्ताव मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांनी पुढे आणला होता. त्याच महिन्यात मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर गोळीबार झेलला जात होता. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्यांनी मोहित मैत्र यांना उभं केलं, काँग्रेसने बॅरिस्टर अशोक सेन यांना. मैत्र जिंकले आणि रॉय यांनी प्रस्ताव मागे घेतला. १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मात्र तीच जागा अशोक सेन यांनी घेतली आणि ते केंद्रात कायदामंत्री झाले.